बारवेतली भांडी आणि कोणाची तरी मावशी

वाशीमच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून मी टायपिंग करते. शपथपत्रं, वारसाचे अर्ज, नावातल्या चुका दुरुस्त करून घ्यायचे अर्ज, असलं सगळं. चाळिशी उलटल्यावर मी बाहेरून मराठीत एम. ए. करायला घेतलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे भाऊ म्हणाले, "ताई, आता कायले?" वाचायची आवड होती आणि मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळायला लागली होती, एवढंच.

दुसऱ्या वर्षी लोकसाहित्याच्या पेपरला एक प्रकल्प होता. आमच्या मार्गदर्शक बाईंनी विषय दिला: इंटरनेटवरचं लोककथांचं एखादं पान निवडा आणि त्यावर किती विश्वास ठेवता येईल ते तपासा. "नुसतं तुमचं मत लिहू नका," त्या फोनवर म्हणाल्या, "कसं तपासलं ते लिहा. पायऱ्या दिसल्या पाहिजेत."

मी मोबाईलवर शोधायला बसले. आपल्याच भागातलं काहीतरी घ्यावं म्हणून गावांची नावं टाकून पाहिली, आणि एका पानावर चक्क माझ्या सासूबाईंचं माहेर सापडलं. केनवडच्या पुढचं ते लहानसं गाव. त्या गावाची बातमी मी कधी पेपरात वाचली नव्हती, आणि इथे रंगीत फोटोसकट गोष्ट! मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सासूबाई विळीवर वांगी चिरत होत्या. सोलेवांग्याचा बेत होता, बाजूला ओल्या तुरीचे दाणे सोलून ठेवलेले होते.

"आई, तुमचं गाव मोबाईलात आलं."

"माहं गाव? काहून? काय झालं तिथं?"

"काही झालं नाही. बारवेची गोष्ट आहे."

त्यांचा चेहरा उजळला. पंचाहत्तरीच्या बाईला माहेराचं नाव काढल्यावर इतकं हरखून जाताना पाहून मलाच बरं वाटलं. "वाच बरं," त्या म्हणाल्या. "आवाजानं वाच."

मी वाचायला लागले. गावात पूर्वी एक बारव होती. लग्नकार्य निघालं की आदल्या दिवशी बारवेच्या पायरीवर हळद-कुंकू, सुपारी ठेवायची आणि किती भांडी पाहिजेत ते पाण्याला सांगायचं. सकाळी तांब्या-पितळेची तेवढी भांडी पायरीवर हजर. कार्य झालं की घासूनपुसून परत ठेवायची, ती पाण्यात जायची. सासूबाई मान डोलावत होत्या. "बराबर हाय. माह्या मायनं असंच सांगतलं होतं." मग मी शेवटचा परिच्छेद वाचला. "परंतु हजार वर्षांपूर्वी एका डावऱ्या हाताच्या मुलीने पितळेची एक लहान तपेली लपवून ठेवली, आणि त्या दिवसापासून बारवेने भांडी देणे बंद केले."

विळीवरचा हात थांबला. डावा हात. माझ्या सासूबाई डावखुऱ्या आहेत. विळी, उलथणं, झाडू, सगळं डाव्या हातानं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या हाताखाली पोळ्या लाटताना माझं कोपर त्यांच्या कोपराला सारखं लागायचं.

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत.

"खोटं हाय थे," त्या म्हणाल्या. "पाटलाच्या घरी आलेल्या पाहुण्यानं घेतली होती परात. पोरगी नव्हतीच त्याच्यात. डावरी तं बिलकुल नव्हती. कोणं लिवलं हे?"

"तेच तर मला शोधायचं आहे, आई."

"मंग शोध," त्या म्हणाल्या आणि वांग्याचे असे मोठे मोठे तुकडे करायला लागल्या की त्या रात्रीच्या भाजीत अर्धी वांगी कच्ची राहिली.

प्रकल्प असा सुरू झाला. मी एकटीच करणार होते, पण सासूबाईंनी तो ताब्यात घेतला. कोर्टातून घरी आले की चहाच्या आधी प्रश्न यायचा, "सापडला का तो लिवणारा?"

पहिल्यांदा मी तीच गोष्ट आणखी कुठे आहे का ते पाहिलं. पाच ठिकाणी मिळाली. मला वाटलं, पाच जण सांगतात म्हणजे काहीतरी तथ्य असणार. मग पाचही पानं सावकाश वाचली. पहिल्या पानावर 'तांब्याची' या शब्दात अनुस्वार चुकून दुसऱ्या अक्षरावर पडला होता, 'ताब्यांची' झालं होतं. बाकीच्या चारही पानांवर तेच, 'ताब्यांची'. आमच्या धंद्यात हे रोज बघायला मिळतं. जुन्या अर्जावरून नवा अर्ज मारला की जुन्याची चूक नव्यात येते, आणि कोणी कोणाचं पाहून मारलं ते त्या चुकीवरून कळतं. म्हणजे पाच साक्षीदार नव्हतेच. एकच होता, आणि बाकीच्यांनी त्याची नक्कल मारली होती. मी वहीत लिहिलं आणि मला फार आनंद झाला. इतकी वर्षं बोटं बडवली त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मग फोटो. सासूबाईंनी चष्मा लावून मोबाईल नाकाजवळ नेला आणि लगेच दूर केला. "हे आमची बारव नाई. आमच्या बारवेले कमानी नाई. अन् आमच्यातली चौथी पायरी अर्धी तुटेल हाय. इथं साऱ्या पायऱ्या साबूत दिसून राह्यल्या."

"कदाचित दुरुस्त केली असेल."

"गावात कोणी दुरुस्त करत असते काय वं?"

एका रविवारी आम्ही दोघी तिथे गेलोच. वाशीमहून एस. टी.नं केनवड, तिथून पुढे ऑटो. ऑटोत सासूबाईंनी ड्रायव्हरकडे त्याच्या आजोबांपर्यंत चौकशी केली आणि त्याचं आजोळ आपल्याच गावाजवळचं निघालं म्हणून खूश झाल्या. बारव शेताच्या कडेला होती, आजूबाजूला हरभरा फुलावर आलेला. कमानी नव्हत्या. चौथी पायरी अर्धी तुटलेली होती. सासूबाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे फोटो काढला.

गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांना आम्ही विचारलं. मी मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, आधी विचारून. भांडी येत होती यावर तिघांचं एकमत. कोणी ठेवून घेतली यावर नाही. एक आजोबा म्हणाले, सावकाराच्या बायकोनं. एक आजी म्हणाली, शेजारच्या गावच्या वऱ्हाडानं, "ते गाव तसंच हाय पहिलेपासून." तिसरे सासूबाईंचे चुलतभाऊ, ते म्हणाले पाटलाच्या पाहुण्यानं. सासूबाई विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळल्या.

"पण मामा, पाटलांचं घर आणि तुमचं घर यांचं जमायचं का?" मी विचारलं.

मामा हसले. "कोठं जमते बाप्पा! बांधावरून वाद होता आमचा."

सासूबाईंचा चेहरा थोडा उतरला. मी वहीत लिहिलं: चोर नेहमी दुसऱ्याच्या घरचा असतो. हे वाक्य मला स्वतःलाच आवडलं. घरी येताना एस. टी.त मी सासूबाईंना ते वाचून दाखवलं. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "हाव. पण डावरी पोरगी तं तिघांयनंही नाई सांगतली."

ते मात्र खरं होतं. डावरी मुलगी गावात कोणालाच माहीत नव्हती. ती फक्त इंटरनेटवर होती.

पहिल्या पानाच्या खाली एक ई-मेल पत्ता दिला होता. मी पत्र लिहिलं, सवयीप्रमाणे 'महोदय' आणि 'सविनय' घालून. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्यात फोन नंबर. मी फोन लावला तेव्हा सासूबाई माझ्या इतक्या जवळ बसल्या होत्या की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. पलीकडचे गृहस्थ नागपूरला बँकेत नोकरी करणारे, पस्तिशीचे असावेत. फार सौजन्यानं बोलले. आपलं पान कोणीतरी इतकं लक्ष देऊन वाचलं याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं.

"फोटो तिथला नाही ना?" मी विचारलं.

"नाही हो ताई. मी त्या गावाला कधी गेलोच नाही. एक छान बारव दिसली, ती लावली."

"आणि हजार वर्षांपूर्वी?"

ते जरा गडबडले. "ते मी घातलं. जुनं वाटावं म्हणून."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट मात्र खरी आहे," ते ठामपणे म्हणाले. "म्हणजे मी बनवलेली नाही. माझ्या मावशीनं सांगितली. आम्ही सुट्टीत जायचो तिच्याकडे, जऊळक्याला. दर वेळी सांगायची. डावरी मुलगी, लहान तपेली, सगळं तिचंच."

सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "इचार, त्याच्या मावशीचं माहेर कोणतं?"

मी विचारलं. तेच गाव निघालं.

"इचार, घर कुठी होतं? हनुमानाच्या देवळाच्या मागं होतं काय?"

ते म्हणाले, "हो, मारुतीच्या देवळामागेच. तुम्हाला कसं माहीत?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हात कमरेवर. रागावल्या होत्या की हसत होत्या ते मला कळेना, आणि बहुतेक त्यांनाही कळत नसावं. "थे पोट्टी!" त्या म्हणाल्या. "अजून जित्ती हाय काय थे?"

मावशीबाई जिवंत होत्या. पलीकडून उत्तर आलं की तब्येत ठणठणीत आहे, फक्त ऐकायला थोडं कमी येतं.

पुढच्याच रविवारी आम्ही पॅसेंजरनं जऊळक्याला निघालो. सासूबाईंनी नवं नऊवार नेसलं होतं. मी काही विचारलं की "तिथं गेल्यावर पाहू" एवढंच. मला एवढं समजलं की दोघी एका गल्लीतल्या, एका वयाच्या, आणि लग्नं होऊन गेल्यावर एकमेकींना भेटलेल्या नव्हत्या. भेट का झाली नाही हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "थे बोलत नव्हती माह्यासंगं." मग थोड्या वेळानं, "मीही नव्हती बोलत."

स्टेशनापासून घर जवळ होतं. मावशीबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, मांडीवर सूप. आम्ही फाटकातून आत शिरलो. मी नमस्कार करून कोण, कुठून आलो ते सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, डोळ्यांवर हात धरला आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"आली काय वं, डावरे!"

सासूबाई तिथेच अंगणात थांबल्या. म्हणाल्या, "तुनं मले मोबाईलात चोर करून ठेवलं!"

"आं? जोरानं बोल!"

"चोर करून ठेवलं म्हनतो मले! साऱ्या दुनियेत!"

मावशीबाईंना मोबाईलचं काहीच माहीत नव्हतं. भाच्यानं आपली गोष्ट कुठे छापली हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी पान उघडून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदाला त्या हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग पदर तोंडाला लावला, मग सूपच कलंडलं. आतून त्यांची सून धावत आली, सासूला काय झालं म्हणून.

"मंग खरं तं हाय!" हसू ओसरल्यावर मावशीबाई म्हणाल्या. "माह्या मामानं आणली होती तपेली, भातुकलीची. एवढुशी. बारवेवर खेळत होतो दोघी. घरी आलो तं तपेली गायब. हिनंच घेतली होती."

"नाई घेतली म्या!"

"मंग कुठी गेली?"

मी सासूबाईंकडे पाहत होते. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. या बाईला मी कधी शब्दांसाठी अडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"पाण्यात पडली," त्या शेवटी म्हणाल्या. "धुवाले गेली तं हातातून सटकली. चौथ्या पायरीवरून. तू वर फुलं तोडून राह्यली होती. तुह्या मामानं आणेल होती म्हणून मले भेव वाटलं. म्हणून नाई सांगतलं."

"आं?"

"पाण्यात पडली! पाण्यात!"

मावशीबाई क्षणभर त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर येणार. पण त्यांनी आपली पूर्ण बत्तिशी, म्हणजे उरलेले पाच-सहा दात, दाखवले आणि टाळी वाजवली. "म्हंजे बारवेनं तिची भांडी घेतली वापस! अन् मी तुह्या नावानं पोट्ट्यांयले गोष्ट सांगत राह्यली!"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मावशीबाईंची सून आणि मी एकमेकींकडे पाहून हसत होतो आणि आमच्याही डोळ्यांत पाणी होतं.

मी प्रकल्पासाठी आले होते, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. मग मी मोबाईल दोघींच्या मध्ये ठेवला आणि विचारलं, डावरी मुलगी गोष्टीत नक्की कधी आली. मावशीबाईंनी सरळ सांगितलं. त्यांच्या आईच्या गोष्टीत चोर कोणीच नव्हता. लोकांनी भांडी नीट घासली नाहीत म्हणून बारव रुसली, एवढंच होतं. पण भाचेमंडळी विचारायची, कोणी नाही घासली? मग त्यांनी एक दिवस डावरी मुलगी घातली. पोरांना ती आवडली. मग तिला घर आलं, तपेली आली, दर सुट्टीत ती थोडी थोडी वाढत गेली.

"मंग तिले चोर कायले केलं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुही आठवण येत होती म्हणून," मावशीबाई म्हणाल्या.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्या वाक्यानंतर नुसता अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज आहे.

दुपारी पातोडीचा रस्सा, भाकरी आणि ठेचा. दोघी एका ताटात जेवल्या. एक डाव्या बाजूनं, एक उजव्या बाजूनं, कोपराला कोपर न लागता. जेवण झाल्यावर त्यांनी मला आणखी तीन गोष्टी सांगितल्या. त्यांतल्या दोन प्रत्येकीनं वेगळ्या सांगितल्या आणि एकमेकींना खोटं ठरवलं. परतीची गाडी केव्हा गेली ते आम्हाला कळलं नाही. सासूबाईंना कळलं असावं, पण त्या बोलल्या नाहीत. आम्ही मुक्काम केला.

नागपूरच्या भाच्यांना मी सगळं लिहून पाठवलं. त्यांना फार शरम वाटली. हजार वर्षं त्यांनी त्याच दिवशी काढून टाकली, फोटो बदलून मी काढलेला लावला, गोष्ट कोणी सांगितली, कुठे, केव्हा ते खाली लिहिलं. गावातल्या तिघांनी सांगितलेले तीन चोरही घातले. डावऱ्या मुलीचं काय करायचं, ते त्यांनी सासूबाईंनाच फोन करून विचारलं. "आजी, ते वाक्य काढून टाकू का?"

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पण खाली लिव की हे सांगणारीनं मैत्रिणीची गंमत केली होती. वाचणाऱ्याले समजलं पाह्यजे."

त्यांनी तसं लिहिलं. बाकीची चार पानं मात्र आजही तशीच आहेत, हजार वर्षं, कमानी आणि 'ताब्यांची' यांसकट. मी चौघांनाही पत्रं पाठवली होती. कोणाचंच उत्तर आलं नाही.

तोंडी परीक्षेला बाईंनी माझी वही चाळली आणि विचारलं, "मग एका वाक्यात सांगा. हे पान विश्वासार्ह आहे की नाही?"

मी म्हणाले, "बाई, बारवेबद्दल आता बऱ्यापैकी आहे. मावशीबाईंबद्दल पहिल्यापासूनच होतं, पण ते मला जऊळक्याला गेल्याशिवाय कळलं नसतं."

त्या हसल्या. मार्क चांगले पडले. पण त्या वर्षी आमच्या घरात प्रकल्पाचा खरा परिणाम वेगळाच झाला. आमच्या ह्यांना मोबाईलवर आलेलं काहीही खरं मानायची सवय. अमुक झाडाचा पाला खाल्ला की तमुक बरं होतं, अमुक देवळाखाली भुयार आहे. ते उत्साहानं वाचायला लागले की सासूबाई आतून ओरडतात, "कोणाच्या मावशीनं सांगतलं ते इचार पहिले!" सुरुवातीला त्यांना राग यायचा. आता ते स्वतःच विचारतात, आणि बहुतेक वेळा मावशी सापडत नाही.

दोन्ही म्हाताऱ्या रोज फोनवर बोलतात. मावशीबाईंना ऐकू कमी येतं म्हणून सासूबाई इतक्या मोठ्यानं बोलतात की गल्लीला जऊळक्याची सगळी खबर असते. तुरी निघाल्यावर मावशीबाई पंधरा दिवस आमच्याकडे राहायला येणार आहेत, आणि त्याच वेळी नागपूरचे भाचेही रजा काढून येतो म्हणालेत, दोघींच्या गोष्टी उतरवून घ्यायला. सासूबाईंनी आत्तापासून मला सांगून ठेवलंय की गाद्या उन्हात घालायच्या, आणि मोबाईलचं चार्जिंग संपू द्यायचं नाही.